शेवाळाला बॅटरीचं पाणी

मी आयुष्यात एक मोठा शोध लावला होता. तो सात आठवडे टिकला. आठव्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी साडेदहाला मी काटेवाडीत एका गोठ्यामागे फोटोसाठी उभी होते. नवी साडी, केसांत गजरा, शेजारी शेवाळाची टाकी. तिथंच तो शोध संपला. चूक सर्वस्वी माझी होती, आणि इतकी बाळबोध की आजही नात विचारते, "आजी, तू खरंच पीएच.डी. केलीस ना?" तेव्हा मी तिला खायला काहीतरी देते.

आधी शोध काय होता ते सांगते. म्हणजे मी किती उंचावरून पडले ते कळेल.

माझं सगळं काम शेवाळावर. शेवाळाला वाढायला ऊन लागतं आणि नत्र लागतं. नत्र म्हणजे युरियाच्या पोत्यात असतं ते. हवेतही नत्र अमाप आहे, पण बहुतेक वनस्पतींना ते घेता येत नाही. ते पाण्यात विरघळलेलं, नायट्रेटसारख्या रूपात, समोर आलं तरच घेतात. काही निळ्या-हिरव्या शेवाळांना मात्र हवेतलं नत्र थेट धरता येतं. त्यांच्या पेशीत तशी यंत्रणाच असते. अडचण एकच. त्या यंत्रणेला ऑक्सिजनचा स्पर्श झाला की ती बिघडते. आणि शेवाळ तर उन्हात सारखा ऑक्सिजनच सोडत असतं. प्रकाशसंश्लेषण म्हणतात ते हेच. उन्हाच्या जोरावर अन्न करायचं आणि ऑक्सिजन बाहेर टाकायचा. म्हणजे एकाच खोलीत भट्टी पेटवायची आणि तिथंच कुल्फी जमवायची, असा हा संसार.

शेवाळांनी त्यावर युक्ती काढली आहे. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर ती मण्यांच्या माळेसारखी दिसतात. दहा-बारा साध्या मण्यांनंतर एक जाड भिंतीचा मणी. त्या जाड मण्यात ऑक्सिजन शिरत नाही. नत्र धरायचं काम तिथं बंद दाराआड चालतं.

माझ्या शेवाळाच्या माळेत असा जाड मणी एकही नव्हता. ते मला इंदापूर तालुक्यात, कळंबला, कालव्याच्या एका चारीत सापडलं. माझं माहेर तिथलंच. दिवाळीला गेले होते, भाऊ म्हणाला, "सुट्टीत तरी शेण गोळा केल्यासारखं काहीबाही गोळा करू नको," तरी मी बाटली भरलीच. आणि हे बिनमण्यांचं शेवाळ काटेवाडीतल्या टाक्यांमध्ये, नत्र नसलेल्या पाण्यात, भर एप्रिलच्या उन्हात हिरवंगार राहत होतं. सात आठवडे. याचा अर्थ ते भट्टीशेजारी कुल्फी जमवत होतं. असं शेवाळ कुणी पाहिलं असेल तर फारच थोड्यांनी.

मी तेव्हा अडतीस वर्षांची. अक्कल अजून पोस्टाने यायची होती.

आता लक्षात घ्या, मला दोन इशारे मिळाले होते. पहिला म्हणजे लॅबमधले चंबू. तेच शेवाळ मी बारामतीच्या आमच्या केंद्रात काचेच्या चंबूंमध्येही लावलं होतं. ते दहा दिवसांत पिवळं पडलं. शेवाळाची नत्राविना उपासमार झाली की ते आधी स्वतःचं रंगद्रव्य मोडून खातं, कारण त्यात नत्र असतं. म्हणून पिवळं पडतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे शिकवतात. मीच शिकवत होते. पण चंबूतलं शेवाळ पिवळं पडल्यावर मी वहीत लिहिलं, "प्रयोगशाळेतील कृत्रिम प्रकाश मानवत नसावा." ही वही अजून माझ्याकडे आहे. हे वाक्य वाचलं की मला माझ्याच कानाखाली आवाज काढावासा वाटतो.

दुसरा इशारा मी चक्क पुरावा म्हणून मिरवत होते. दर बुधवारी मी टाकीतल्या पाण्याची नायट्रेटची टेस्ट करायची. सोपी असते. नळीत पाणी घ्यायचं, चिमूटभर पावडर टाकून हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. नायट्रेट असेल तर गुलाबी रंग येतो. माझ्या टाक्यांचं पाणी दर बुधवारी स्वच्छ, बिनरंगी. पाण्यात नत्र नाही आणि शेवाळ हिरवं, म्हणजे ते हवेतूनच घेतंय. समोरचं ताट रिकामं आहे म्हणजे जेवण वाढलंच नव्हतं, असा तो निष्कर्ष होता. ताट चाटूनपुसून खाल्लेलं असू शकतं, हे एका डॉक्टरेट बाईला सुचलं नाही.

टाक्या होत्या बशीरभाईंच्या गोठ्यामागे. बशीरभाई म्हणजे तिथले दूधवाले शेतकरी, आठ जर्शी गाई, बाकी ऊस. त्यांच्या आवारात दिवसभर ऊन मिळायचं, म्हणून आम्ही जागा मागितली. अंघोळीच्या टबाएवढ्या तीन टाक्या. रोजची नोंद ठेवायचं काम त्यांच्या बायकोकडे, हमीदाभाभींकडे. सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. सकाळ-संध्याकाळचं तापमान, पाण्याचा रंग, आणि किती पाणी घातलं ते लिहायचं. उन्हाने टाकीतलं पाणी रोज बोटभर उडून जायचं. तेवढं वरून घालावं लागायचं. ते डिस्टिल्ड पाणी असायला हवं होतं, म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं, ज्यात क्षार नाहीत, नत्र नाही, काहीच नाही. आमच्या लॅबमध्ये एवढं पाणी निघायचं नाही. मग मी बारामतीतल्या बॅटरीच्या दुकानातून सीलबंद कॅन मागवायला लागले. आमचा ड्रायव्हर दर बुधवारी कॅन गेटपाशी उतरवायचा आणि टेस्टसाठी टाकीच्या पाण्याची बाटली घेऊन यायचा.

पहिल्याच दिवशी भाभींनी कॅनवरचं चित्र बघून विचारलं होतं, "मॅडम, हे बॅटरीचं पाणी हाय का?"

"हो, तेच. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालतात ते. टाका बिनधास्त."

"शेवाळात?"

"शेवाळातच. आणि पाणी या निळ्या रेघेच्या खाली जाता कामा नये. काही झालं तरी."

"बरं."

त्या "बरं"मध्ये किती वजन होतं ते मला ऐकू आलं नाही. मी गाडीत बसले होते.

तर तो शनिवार. सोमवारी केंद्रात तीन जणांची कमिटी येणार होती. प्रोजेक्ट पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा हे तेच ठरवणार. त्यांना पत्राने आधीच कळवलेला शोध मी त्यांच्यापुढे मांडणार होते, आणि त्याच दिवशी पेपर परदेशी जर्नलला जायचा होता. त्यावर माझं नाव आणि देशमाने सरांचं नाव. सर माझे पीएच.डी.चे गाईड, आता आमचे प्रमुख, आणि त्यांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलेलं. पेपर शुक्रवारीच जायचा, पण मी अडवून धरला होता, कारण त्यात एक चांगला फोटो हवा असं माझ्या डोक्यात होतं. शोध लावणारी बाई शोधाशेजारी उभी आहे असा.

फोटो काढायला बशीरभाई. कॅमेरा त्यांच्या हातात देऊन मी पदर नीट केला.

"भाभी, तुम्हीही या. कॅनमधून पाणी घालताय असा काढू."

भाभी जागच्या हलल्या नाहीत. "तांब्यानं घालते की. रोज तांब्यानंच घालते."

"नको, कॅन दिसायला हवा. आणा एक."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. बशीरभाईंनी कॅमेऱ्यात बघितलं. मग भाभी कडब्याच्या खोलीत गेल्या आणि एक कॅन घेऊन आल्या. मी तो हातात घेतला. झाकणावरचं सील तसंच होतं.

"हा नवा दिसतोय. उघडलेला आणा ना."

"उघडल्याला न्हाय."

"संपला?"

"उघडलाच न्हाय मॅडम. एक बी."

मी खोलीत गेले. एका बाजूला कडबा, दुसऱ्या बाजूला भिंतीला लावून कॅनची रास. छान रचलेली, वर जुनी चादर घातलेली. धूळ बसू नये म्हणून. सात आठवड्यांचं सगळं पाणी तिथं होतं.

"दोन कमी भरतील," मागून बशीरभाई म्हणाले. "टॅक्टरला घातले. सांगणार हुतो."

"मग टाकीत रोज काय घालत होता?" माझा आवाज कुणातरी दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा येत होता.

"हिरीचं," भाभी म्हणाल्या. "चांगलं ताजं शेंदून. तुमीच म्हणला, रेघेच्या खाली जाऊ द्यायचं न्हाय."

"मी कॅनमधलं म्हणाले होते."

"ते बॅटरीचं हाय मॅडम. चित्र हाय वरती. ह्ये शेवाळ म्हणजे जिवंत हाय न्हवं? जित्या जिवाला बॅटरीचं पाणी पाजायचं? माझ्या हातनं झालं न्हाय ते. पर तुमचं म्हागाचं पाणी, म्हणून जपून ठिवलं."

मी नोंदवही मागितली. उघडली. "घातलेले पाणी" या रकान्यात रोजचा आकडा. चार तांबे, साडेचार तांबे, ईदच्या दिवशीसुद्धा चार तांबे. एक दिवस चुकलेला नाही, एक खाडाखोड नाही. रकाना मीच आखला होता. किती घातलं ते विचारलं होतं. कुठलं घातलं, ते विचारलंच नव्हतं. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर भाभींनी प्रामाणिकपणे दिलं होतं.

माझी टेस्टची पेटी गाडीत होती. मी विहिरीचं पाणी नळीत घेतलं, पावडर टाकली, हलवलं. पाच मिनिटं थांबायचं असतं. थांबावं लागलं नाही. बघता बघता नळी गडद गुलाबी झाली.

बशीरभाई वाकून बघत होते. "काय निघालं?"

"युरिया. म्हणजे त्याचंच झालेलं नायट्रेट. चहूबाजूंनी ऊस आहे ना तुमच्या. घातलेल्यातलं पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत येतं."

"ते ठावं हाय की. आमच्या हिरीवर मेथी खताबिगर येती. सगळ्या वस्तीला ठावं हाय."

सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मी कळंबची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली, नत्रावर पीएच.डी. केलेली. मला ठाऊक नव्हतं.

"पिता का हे पाणी?" मी घाबरून विचारलं.

"प्यायला नळाचं हाय," भाभी म्हणाल्या. "हे गुरांना अन् मेथीला. आन् तुमच्या ह्याला."

मी गोठ्याच्या कट्ट्यावर बसले. नव्या साडीला शेण लागलं ते मला घरी गेल्यावर कळलं. रडावं की हसावं हे ठरेना. सोमवारी मी तीन शहाण्या माणसांपुढे उभी राहून सांगणार होते की हे शेवाळ हवा खाऊन जगतं. महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या कुणीतरी ते करून बघितलं असतं आणि त्यांचं शेवाळ पिवळं पडलं असतं. मग पुढची वीस वर्षं मी "ती विहिरीवाली" म्हणून ओळखली गेले असते. सर तर त्याच डागासकट निवृत्त झाले असते.

मोबाइलला तिथं रेंज कमीच. मी उकिरड्याच्या उंचवट्यावर चढले आणि सरांना फोन लावला.

"सर, नत्र हवेतून येत नाहीये."

"मग कुठून येतंय?"

"विहिरीतून."

 

"कुणाच्या?"

"बशीरभाईंच्या. भाभी विहिरीचं पाणी घालत होत्या. चूक त्यांची नाही सर, मी विचारलंच नव्हतं. टेस्ट केली आत्ता. गडद गुलाबी आली."

"चंबूतलं पिवळं पडलं होतं ना तुझं?"

"हो."

"आणि तू काय लिहिलंस? कृत्रिम प्रकाश मानवत नाही."

"हो सर."

"मी ते वाचून सही केली. म्हणजे गाढव दोन आहेत." मग म्हणाले, "पेपर पाठवलास?"

"नाही. फोटोसाठी थांबले होते."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. त्यांचा तो सुस्कारा मी अजून विसरले नाही. "तुझ्या नटण्यामुरडण्याचा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं," सर म्हणाले. "बरं, आता एक सांग. टाकीतल्या पाण्यात नायट्रेट किती?"

"शून्य. दर बुधवारी शून्य."

"आणि रोज चार तांबे तसलं पाणी पडतंय."

मी उकिरड्यावर उभी होते. खाली भाभी माझ्याकडे बघत होत्या, बहुतेक मी पडेन म्हणून. सर काय म्हणताहेत ते हळूहळू डोक्यात शिरायला लागलं.

"ते खाऊन टाकतंय, सर."

"मग तेच सांग सोमवारी. आणि भाभींना ओरडू नकोस."

ओरडायला तोंड होतं कुणाला.

सोमवारी मी कमिटीपुढे उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की गेल्या महिन्यात पत्रात कळवलेला निष्कर्ष मी मागे घेते आहे. कारणही सांगितलं, बॅटरीच्या चित्रासकट. एक जण हसले. दुसऱ्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मग बाई, सात आठवडे तुम्ही नेमकं काय केलंत?"

"बशीरभाईंच्या विहिरीचं पाणी साफ केलं."

ते उत्तर मी विनोदाने दिलं होतं. पण तिसऱ्या होत्या त्या पाण्याच्या खात्यातल्या बाई, त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "रोज घालूनही टाकीत शून्य? परत करून दाखवाल? नीट?"

"नीट" हा शब्द त्यांनी जरा जोर देऊन म्हटला. मी तो गिळला. प्रोजेक्टला सहा महिने मिळाले.

मग आम्ही नीट केलं. पहिल्या टाकीत वरून फक्त डिस्टिल्ड पाणी. दुसरीत विहिरीचं, उन्हात. तिसरीतही विहिरीचं, पण वर शेडनेटचे चार थर घालून गडद सावलीत. नोंदवहीत नवा रकाना आखला आणि त्यावर ठळक अक्षरात लिहिलं, "कुठले पाणी". सबंध नोकरीत मी जी काही उपकरणं वापरली, त्यातलं सगळ्यात कामाचं हेच निघालं. पुढे माझ्याकडे आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी रकाने आखायला लावले. प्रयोग मागाहून.

उन्हातल्या टाकीचं पाणी दर वेळी बिनरंगी. सावलीतल्या टाकीचं मात्र गुलाबी यायला लागलं. शेवाळ तेच, विहीर तीच, पण नायट्रेट उरत होतं. नायट्रेट पचवायला शेवाळाला ताकद लागते आणि ती ताकद त्याला उन्हातून मिळते. ऊन तोडलं की भूकही मंदावते. किती उन्हाला किती भूक, या एका प्रश्नावर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं. चमत्कार करणारं शेवाळ मला पुन्हा कधी भेटलं नाही. जेवणारं भेटलं, आणि मला ते पुरलं.

पहिल्या टाकीवरून मात्र भाभींशी तंटा झाला. भाभी रोज कॅनचं सील तोडायच्या आणि तोंड फिरवून पाणी ओतायच्या. आठव्या दिवशी शेवाळाचा रंग उतरला. बाराव्या दिवशी ते लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं.

"मारलं तुमी त्याला," भाभी म्हणाल्या आणि माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. चहा बशीरभाईंच्या हाती बाहेर यायला लागला.

मी समजावून सांगितलं की ते मेलेलं नाही, नुसतं उपाशी आहे, रंग मोडून खातंय. त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नव्हतं. पुस्तकात वाचलेलं आणि समोर पिवळं पडलेलं यात फरक असतो. हे शेवाळ परत हिरवं झालं नसतं, तर ते नत्राविना पिवळं पडलं की दुसऱ्याच कशानं मेलं, हे मला सांगता आलं नसतं. कमिटीतल्या बाईंनी मला दुसऱ्यांदा "नीट" म्हटलं असतं.

सोळाव्या दिवशी मी म्हटलं, "भाभी, आता विहिरीचं घाला."

त्यांनी माझ्याकडे न बघता चार तांबे ओतले. मग आपल्या मनाने पाचवा. तो नोंदवहीत लिहिलाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी काटेवाडीला पोचले तेव्हा भाभी टाकीपाशीच उभ्या होत्या. पिवळ्यावर हिरवी झाक आली होती. कडेला जास्त, मध्ये कमी. मी नमुना घेऊन गाडीतून आणलेल्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. मणी न् मणी भरत होता. जाड मणी एकही नव्हता. मी मान वर केली तेव्हा माझे डोळे भरलेले होते, त्याला मी ऊन लागलं म्हणाले.

भाभींनी पदराने हात पुसले, आठवडाभरानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या,

"ते जेवलं, आता तुमी बी जेवून घ्या. त्या शनवारपास्नं त्याच्यापरीस तुमीच जास्त पिवळ्या दिसताय."